‘नर्सबाईला कोण विचारतो?’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

१२ मे, म्हणजे परिचारिका दिन, जवळ आला की एक मेसेज फिरू लागतो: ‘नर्सचा राष्ट्रीय पुरस्कार हा शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलांतल्या मॅट्रनबाईंचा मान. गावच्या नर्सबाईला कोण विचारतो? पदक मुळात रेडक्रॉसचं, आणि नाव भारतात कधी पाऊलही न ठेवलेल्या इंग्रज बाईचं.’

रेडक्रॉसचा मुद्दा आधी निकालात काढू. त्यांचं नाइटिंगेल पदक वेगळं, ते १९२० पासून जगभरातल्या परिचारिकांना दिलं जातं. आपला राष्ट्रीय फ्लोरेन्स नाइटिंगेल पुरस्कार केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने १९७३ साली सुरू केला.

आता नावाचं. नाइटिंगेलबाई भारतात आल्या नाहीत, हे खरं. पण क्रिमियाच्या युद्धानंतर अनेक वर्षं त्यांनी भारतातल्या छावण्यांचं पाणी, गटारं आणि मृत्यूंचे आकडे यांवर काम केलं. सैन्याच्या आरोग्याची चौकशी करणाऱ्या रॉयल कमिशनच्या (ब्रिटिश सरकारी आयोगाच्या) १८६३ च्या अहवालात इथल्या ब्रिटिश सैनिकांचा मृत्युदर हजारी ६९ निघाला. लढाईपेक्षा घाण पाणी आणि कोंदट बराकी जास्त माणसं मारतात, हे त्या सांगत राहिल्या. पुढे छावण्यांवरून त्यांचं लक्ष खेड्यांच्या स्वच्छतेकडे वळलं. पुण्याच्या ‘सार्वजनिक सभा’ या संस्थेशीही त्यांचा पत्रव्यवहार होता. त्यांना परकं म्हणणं मला पटत नाही.

सगळ्यात जास्त लागतं ते ‘गावच्या नर्सबाईला कोण विचारतो’ हे वाक्य. या पुरस्कारात हॉस्पिटलच्या नर्सबरोबर एएनएम आणि एलएचव्ही यांच्यासाठी वेगळे गट आहेत. एएनएम म्हणजे उपकेंद्रावरची आपली आरोग्यसेविका, आणि एलएचव्ही म्हणजे तिच्या कामावर देखरेख करणारी लेडी हेल्थ व्हिजिटर. सपाट भागात ५,००० आणि डोंगराळ-आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, असा सरकारी निकष आहे. लशींचा डबा खांद्याला लावून आरोग्यसेविका वस्तीवर जाते, गरोदर बायकांचं बीपी बघते, रात्री-अपरात्री बाळंतपणाला धावते आणि वर रजिस्टरंही भरते. २०२५ मध्ये देशभरातून पंधरा जणांना राष्ट्रपतींच्या हस्ते हा पुरस्कार मिळाला. प्रमाणपत्र, पदक आणि १ लाख रुपये.

देशाच्या मानाने पंधरा हा आकडा फार छोटा आहे, आणि पदकाने रिक्त जागा भरत नाहीत की कंत्राटी सिस्टरचा पगार वाढत नाही. ही तक्रार मीही करते आणि करत राहीन. पण त्यासाठी आरोग्यसेविकेच्या वाट्याला आलेला मान तिचा नव्हेच असं सांगत फिरू नका.