तीन पौंडांचा ताप

गाडी पेट्रोल फार पिते, हे दुःख सगळेच सांगतात. आमच्या पद्मिनीची तक्रार उलटी आहे. तिला कधीकधी पेट्रोलच मिळत नाही, आणि मिळतं तेव्हा ते कार्बोरेटरवरून ओघळतं.

सगळा खेळ इंजिनाला बिलगून बसलेल्या मेकॅनिकल पंपाचा. कॅमशाफ्ट, म्हणजे इंजिनातला फिरता दांडा, लिव्हरला ढोसतो, लिव्हर पंपातला लवचीक पडदा खाली ओढतो, टाकीतून पेट्रोल येतं. मग स्प्रिंग पडद्याला वर लोटते. म्हणजे प्रेशर ठरवते ती स्प्रिंग. लागतं किती, तर चौरस इंचाला तीन-साडेतीन पौंड. टायरमध्ये याच्या सातपट असतं आणि टायर कधी कुरकुरत नाही.

पंगतीत जिलबीचा आग्रह करणारे काका म्हणजे हा पंप, आणि कार्बोरेटर भरला की पेट्रोलची वाट बंद करणारी फ्लोटची सुई म्हणजे ताटावर आडवा धरलेला हात. काका बेताचे असले तर हात पुरतो. जुन्या पंपाचा पडदा फाटला (डिपस्टिकच्या ऑइललाच पेट्रोलचा वास यायला लागला, तेव्हा कळलं) म्हणून नवा आणला. खोका झकास, स्प्रिंग मात्र ट्रकला शोभेलशी. हे काका काही हाताला जुमानेनात. साताऱ्यात पोवई नाक्यावर ऐन गर्दीत गाडी गुदमरून बंद. आई मागून नाकाला पदर लावून म्हणाली, "अरे, काडी ओढू नका रे कुणी!" आणि नेमका तेव्हाच एक गृहस्थ बिडी ओढत बॉनेटमध्ये डोकावायला आला. आईने त्याला ज्या आवाजात हाकललं, त्या आवाजात पाच पौंड सहज असतील.

मिस्त्रींनी पंपाच्या पाइपला तीन तोंडांचा टी जोडून प्रेशर मोजायचा गेज लावला. काटा साडेपाचावर. "सायेब, जोर लई हाय. खाली पॅकिंग वाढवू." पंप इंजिनापासून जरा लांब सरकला की लिव्हरची चाल कमी, स्प्रिंग कमी दबते, जोर उतरतो. त्यांनी पॅकिंगचा कागद पंपाच्या बुडावर धरला, हातोडीने कडेकडेने हलके ठोकत आकार उठवला, कात्रीने कापला. एक घातलं, दुसरं घातलं, काटा सव्वातीनावर. मला पेढे वाटावेसे वाटले.

वाटले नाहीत ते बरं झालं. एप्रिलात कासला निघालो आणि यवतेश्वरच्या घाटात गाडीने आचके दिले. चढाला पेट्रोल जास्त लागतं, तर चाल आम्हीच कापलेली. त्यात उन्हाने आणि इंजिनाच्या धगीने पाइपातल्या पेट्रोलची वाफ. पंप वाफ ओढत बसतो, कार्बोरेटर कोरडा. आईचा नॅपकिन भिजवून पंपावर घातला. येणारे-जाणारे थांबून सल्ले देत होते. "बॅटरी बघा" म्हणणारे सर्वांत जास्त.

परत आल्यावर मिस्त्रींना म्हटलं, एक पॅकिंग काढा. काढलं. काटा सव्वाचारावर, सुई पुन्हा गळायला लागली.

"मग इलेक्ट्रिक पंपच टाकू का?"

"टाका की. पर त्यो ह्याच्याहून जोर करतोय. त्याला रेग्युलेटर लागंल."

"आणि रेग्युलेटर बिघडला तर?"

मिस्त्रींनी पॅकिंगचा उरलेला कागद गुंडाळून खिशात घातला. "मी हाय की हितंच."