झुरिकचं फ्रेंच, महाराष्ट्राचं हिंदी

29 जून 2025ला महाराष्ट्र सरकारनं तिसऱ्या भाषेचे दोन्ही शासन निर्णय मागे घेतले. त्यानंतर नऊ आठवडे उलटले आणि 1 सप्टेंबरला इथे स्वित्झर्लंडमध्ये जर्मन भाषक झुरिक कँटनच्या, म्हणजे राज्याच्या, विधिमंडळानं 108 विरुद्ध 64 मतांनी ठरवलं, की पाचवीपासून शिकवलं जाणारं फ्रेंच प्राथमिक शाळेतून काढून माध्यमिकमध्ये, म्हणजे सातवीपासून न्यावं. सरकारला त्यासाठी कायद्याचा मसुदा आणायला दोन वर्षं मिळाली. दोन्हीकडचे मुद्दे ऐकले तर वक्ते एकमेकांचं भाषण वाचून आले असावेत असं वाटतं. लहान मुलांवर ओझं, आधी शाळेची भाषा पक्की होऊ द्या, देशाची एकी धोक्यात, आणि शिक्षक आणणार कुठून?

आपल्याकडचं थोडक्यात सांगायचं तर 16 एप्रिलच्या निर्णयानं मराठी आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून हिंदी अनिवार्य केलं. ओरड झाली. 17 जूनला ‘अनिवार्य’ जाऊन ‘सर्वसाधारणपणे’ आलं आणि हिंदीऐवजी दुसरी भाषा हवी असेल तर त्या इयत्तेत किमान 20 विद्यार्थी हवेत, अशी अट आली. मग तेही गुंडाळलं आणि डॉ. नरेंद्र जाधव यांची समिती नेमली. या गदारोळात एक गोष्ट मात्र जागची हलली नाही. मराठी शाळेत पाचवीपासून दहावीपर्यंत तिसरी भाषा सक्तीची आहेच, आणि ती कैक वर्षांपासून आहे. सहा वर्षं शिकून मुलाच्या हाती काय लागतं, हे विचारायला कुणाला सवड झाली नाही.

स्विस लोक हा प्रश्न विचारतात, आणि उत्तर आलं की आपसांत भांडतात. 2004 साली कँटनांच्या शिक्षणमंत्र्यांनी एक तडजोड केली. प्राथमिक शाळेतच दोन परक्या भाषा, एक तिसरीपासून, दुसरी पाचवीपासून. त्यातली एक देशाच्या चार भाषांपैकी हवी, दुसरी इंग्रजी. आधी कुठली घ्यायची ते कँटननं ठरवावं. नववीच्या शेवटी मात्र दोन्ही सारख्याच यायला हव्यात. झुरिकनं इंग्रजी पुढे घेतलं होतंच. तिथले तेव्हाचे शिक्षणमंत्री एर्न्स्ट बुशोर यांनी इंग्रजीचा आग्रह धरला आणि ‘आधी शेजाऱ्याची भाषा’ हा जुना संकेत मोडला. त्यामुळे फ्रेंच पाचवीत ढकललं गेलं, दोन वर्षं मागे राहिलं, पण शेवटची रेघ दोघांना एकच. अकरा-बारा वर्षांच्या मुलाला इंग्रजी गाण्यांतून, खेळांतून, मोबाइलमधून येत असतं. फ्रेंच त्याला फक्त शाळेत भेटतं. नववीच्या शेवटी घेतलेल्या देशव्यापी चाचणीत जर्मन भागातली जेमतेम निम्मी मुलं फ्रेंच वाचनाची किमान पातळी गाठतात, इंग्रजीत त्याहून कितीतरी जास्त. यात नवल कसलं?

नेमका इथेच आपला प्रश्न उलटा आहे. महाराष्ट्रात हिंदीची जागा झुरिकमधल्या फ्रेंचची नाही, झुरिकमधल्या इंग्रजीची आहे. लिपी तीच, निम्मा शब्दसाठा ओळखीचा, टीव्हीवर हिंदी, सिनेमात हिंदी, मुंबई-पुण्यात रिक्षातही हिंदी. गडचिरोली-नंदुरबारच्या पाड्यांवर चित्र वेगळं आहे, तिथे शाळेतली मराठी हीच दुसरी भाषा असते, त्यामुळे हिशेब तिथे वेगळाच मांडावा लागेल. पण बाकी बहुतांश महाराष्ट्रात जी भाषा मुलाला ऐकून समजते, तिला वेळापत्रकातली सहा वर्षं देणं ही उधळपट्टी आहे.

तासांचा हिशेब करून बघू. आठवड्याला पाच तासिका, तासिका 35 मिनिटांची, प्रत्यक्ष शिकवण्याचे 36 आठवडे धरले तर वर्षाला 105 तास होतात. झुरिकच्या पाचवीत आठवड्याला 45 मिनिटांच्या तीन तासिका आणि 39 आठवडे धरले तरी 88 तासच होतात. म्हणजे तास आपल्याकडे कमी नाहीत. आता त्याच तासिकेत उतरून बघा. वर्गात 60 मुलं, निम्मा वेळ शिक्षक बोलतात, उरली साडेसतरा मिनिटं. प्रत्येक मुलाच्या वाट्याला साडेसतरा सेकंद येतात, तेही कुणी नुसतं ‘प्रेझेंट सर’ म्हणण्यात घालवलं नाही तर. झुरिकमध्ये 22 मुलांच्या वर्गाचे दोन भाग करून तासिका घेतली तर मुलाला दोन मिनिटं मिळतात. दोन मिनिटांतही फार काही होत नाही, म्हणून मुलांना जोड्यांनी बोलायला लावतात. 60 मुलांच्या वर्गात 30 जोड्या एकदम बोलू लागल्या की शेजारच्या वर्गातून तक्रार येते आणि प्रयोग तिथेच थांबतो. मग उरतं ते फळ्यावरचं व्याकरण आणि ‘रिक्त स्थानों की पूर्ति’.

पुस्तकानंही घोटाळा होतो. फ्रेंच-जर्मन भाषासीमेवरच्या सहा कँटनांनी फ्रेंच तिसरीपासून आणताना नवी पाठ्यपुस्तकं काढली. कल्पना अशी, की मुलांना सुरुवातीपासून अस्सल फ्रेंच मजकूर द्यायचा आणि अर्थ त्यांनी अंदाजानं काढायचा. शब्द पाठ करणं, क्रियापदं चालवणं मागे पडलं. चार वर्षं शिकलेल्या मुलांना साधं ‘मला भूक लागली’ म्हणता येईना, ही पालकांची आणि माध्यमिक शिक्षकांची तक्रार झाली. त्यांपैकी बासेल-ग्रामीण कँटनच्या मतदारांनी 2019 मध्ये पाठ्यपुस्तक निवडायची मोकळीक शाळांना दिली. सातवीत वेगवेगळ्या शाळांतून मुलं एकत्र येतात, कुणाचं वाचन बरं, कुणाचं शून्य, म्हणून शिक्षक पुन्हा पहिल्या धड्यापासून सुरू करतात. जिल्हा परिषदेच्या चौथीतून हायस्कूलच्या पाचवीत आलेल्या मुलांचं इंग्रजी ज्यांनी बघितलं आहे, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

‘लहानपणी भाषा पटकन येते’ हे वाक्य दोन्ही देशांत मंत्र्यांचं लाडकं. घरात, अंगणात दिवसभर कानावर पडणाऱ्या भाषेबाबत ते खरं आहे. आठवड्याला तीन तासिकांना ते लागू होत नाही. सिमोने फेनिंगर या संशोधिकेनं झुरिकच्याच मुलांवर काम केलं. आठव्या वर्षी आणि तेराव्या वर्षी इंग्रजी सुरू केलेल्यांची तुलना केली, तर उशिरा सुरू केलेली मुलं बऱ्याच अंगांनी थोड्याच काळात बरोबरीला आली. शाळेच्या भाषेत वाचणं-लिहिणं पक्कं असलेली मुलं दुसऱ्या भाषेतही पुढे जातात, हेही दिसलं. आपल्या 2023 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यातही तिसरी भाषा सहावीपासूनच ठेवलेली आहे. पहिलीची घाई राज्यानं कुठून आणली, हा प्रश्न विचारायलाच हवा होता.

मग सक्ती नकोच का? मला सक्ती मान्य आहे. पण स्विस सक्ती दोन्ही बाजूंनी चालते. फ्रेंच भाषक जिनिव्हातली मुलंही तिसरीपासून जर्मन शिकतात, तीही पुस्तकी. झुरिकच्या ट्राममध्ये बोलली जाणारी बोली त्यांना तरीही कळत नाही, हा त्यांचा कायमचा वैताग. म्हणून झुरिकनं फ्रेंच मागे ढकलताच पश्चिमेकडच्या फ्रेंच भागात संताप उसळला, आणि त्याच महिन्यात स्विस केंद्र सरकारनं जाहीर केलं, की देशाची दुसरी भाषा प्राथमिक शाळेत राखणाऱ्या कायद्याची तयारी करतो. आपल्या 1968 च्या त्रिभाषा सूत्रातही हीच देवाणघेवाण होती. हिंदी राज्यांनी एखादी आधुनिक भारतीय भाषा, शक्यतो दक्षिणेकडची, शिकवायची होती. बहुतेक ठिकाणी तिथे संस्कृत बसली. आपण आपला वाटा दिला, समोरून काही आलं नाही. ‘लादलेली हिंदी’ या शब्दांमागचा राग इथून येतो, आणि तो रास्त आहे.

माध्यमिकसाठी उचलण्यासारखी गोष्ट झुरिकपेक्षा तिचिनोची, म्हणजे देशाच्या इटालियन भाषक टोकाची. तिथल्या मुलांना शाळा संपेपर्यंत तीन परक्या भाषा भेटतात. तिसरीपासून फ्रेंच, सातवीपासून जर्मन, आठवीपासून इंग्रजी. पण इंग्रजी सुरू झालं की फ्रेंच ऐच्छिक होतं. भाषा येतात, आपला काळ घेतात आणि जागा सोडतात. आपल्याकडे आलेली भाषा दहावीपर्यंत हलत नाही. आठवीला फार तर संयुक्त अभ्यासक्रम घेऊन ती अर्धी होते, 50 गुणांची. उरलेल्या 50 गुणांची संस्कृत मुलं भाषेसाठी घेतात की टक्क्यांसाठी, हे घराघरांत माहीत आहे.

हिंदी सहावी ते आठवी अशी तीन वर्षं ठेवा, बोलणं-वाचणं-अर्ज लिहिणं इथवर. आठवीच्या शेवटी प्रामाणिक परीक्षा घ्या आणि विषय संपवा. नववी-दहावीत तिची जागा शेजाऱ्याच्या भाषेला द्या. सोलापुरात कन्नड किंवा तेलुगू, नंदुरबारला गुजराती, नाहीतर जर्मन. पण मग 20 मुलांची अट टिकत नाही. ज्या शाळेच्या अख्ख्या वर्गाचा पट 14 आहे, तिथे ही निवड कागदावरच राहणार. पट शाळेचा न धरता शाळांच्या केंद्राचा धरा. दहाएक शाळांच्या केंद्रात कन्नडवाली 20 मुलं निघतील, आणि एक शिक्षक आठवड्यातून दोन दिवस फिरेल. संचमान्यतेत, म्हणजे शाळेला किती शिक्षक हे ठरवणाऱ्या हिशेबात, अशा फिरत्या शिक्षकाला आज जागा नाही. सहावी ते आठवीला ‘भाषा’ गटाचा एकच शिक्षक मराठी, हिंदी, इंग्रजी तिन्ही ओढतो, आणि ज्यात तो कच्चा ती भाषा वर्गात मराठीतून शिकवली जाते. झुरिकमध्ये प्राथमिक शाळेत परकी भाषा शिकवायला त्या भाषेची सी-एक पातळी लागते, म्हणजे अडखळत नाही इतकी, शिवाय काही आठवडे त्या प्रदेशात राहून यावं लागतं. तरी फ्रेंचचे शिक्षक पुरत नाहीत.

दहावीच्या भाषेत 80 गुण लेखी आणि 20 तोंडी-अंतर्गत. ते 20 शाळा आपल्याच मुलांना देते, 18-19 च्या खाली क्वचितच. तोंडी परीक्षेला शेजारच्या शाळेचा शिक्षक पाठवा. मुलाशी पाच मिनिटं गप्पा मारायच्या : दवाखान्यात जाऊन काय सांगशील, बस चुकली तर कुणाला काय विचारशील? 60 मुलांना पाच तास लागतात. एक दिवस.