सिनेमा दाखवा, पण अख्खा नको

२००८ ची मंदी शिकवायची म्हटलं की आपल्या भागातल्या कॉलेजांत ‘द बिग शॉर्ट’ लावून मोकळे होतात. सव्वादोन तासांचा सिनेमा, भरधाव इंग्रजी, त्यात मधेच लाइन जाते. पोट्टे एकच उत्तर घेऊन बाहेर पडतात: बँकवाले लबाड. अहो, लबाड तर आधीही होतेच की! मग बुडाले तेव्हाच का?

म्हणून आधी फळा. मालमत्ता १०० रुपयांची; स्वतःचे ३, उसने ९७. भाव ३ टक्के उतरला की भांडवल साफ. २००८ मध्ये बुडालेली अमेरिकेतली गुंतवणूक बँक लेहमन ब्रदर्स आदल्या वर्षी साधारण याच प्रमाणात उसनवारीवर उभी होती. हेच गणित १० आणि ९० घेऊन पोरांकडून करून घ्या. त्यानंतर ‘मार्जिन कॉल’ या सिनेमातली दहाच मिनिटं दाखवा: नोकरीवरून काढलेल्या साहेबाची अर्धवट फाइल पोरगा रात्री पुरी करतो, तो प्रसंग. तिथंच थांबवा आणि विचारा, कंपनीकडचे सगळे कर्जरोखे उद्याच विकायला काढले तर भाव टिकेल? दिवाळीआधी सोयाबीनच्या गाड्या एकदम बाजार समितीत लागल्या की काय होतं, हे त्यांना सांगावं लागत नाही.

ठेवीदारांची झुंबड समजावायला १९४६ चा ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ अजूनही सगळ्यात सरस. कर्जसंस्था चालवणाऱ्या जॉर्जच्या हातात २००० डॉलर, पहिलाच गडी पूर्ण २४२ मागतो. थांबवा. सगळ्यांनी तेवढेच मागितले तर किती जणांना पुरतील? आठ. पुढं एक बाई फक्त साडेसतरा मागते, तेव्हा वर्गाला उलगडतं की संस्था का तगली. लगेच गावच्या पतसंस्थेचा वार्षिक अहवाल वाटा. आमसभेत सभासदांना मिळतो, घरोघरी सापडेल. ठेवी किती, रोख आणि बँकशिल्लक किती, थकबाकी किती, एवढंच काढायला लावा. पोरं इथं हमखास गोंधळतात: हातात रोकड नसणं वेगळं, कर्जच बुडीत निघणं वेगळं. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला ते संरक्षण नाही, हेही याच तासाला सांगून टाका.

‘मदर इंडिया’ मात्र या धड्यात घुसडू नका. ५०० रुपयांच्या कर्जापायी चारातले तीन हिस्से पीक व्याजात जातं, घर बुडतं. सावकार सुखीलाला मात्र त्या कर्जापायी बुडत नाही. सावकार स्वतःच उसन्या पैशावर असता तर ती गोष्ट या धड्याची झाली असती.

आणि क्लिप ऑनलाइन चालवायच्या भानगडीत पडू नका, रेंज ऐनवेळी दगा देते.