तापाचा थर्मामीटर मॅशमध्ये बुडवू नका

'घरी बीअर करताय? थर्मामीटरवर पैसे घालवू नका' असा एक मेसेज सध्या गोव्यातल्या ग्रुपांवर फिरतोय. एरवी मी असल्या गोष्टींकडे लक्ष देत नाही. पण फोंड्याच्या माझ्या भाच्याने तो मला पाठवला आणि खाली विचारलं, "मामा, घरात तापाचा थर्मामीटर आहे, तोच चालेल ना?" माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेली बार्ली, त्याने आणूनही ठेवलंय. नाही, चालणार नाही. आणि का, ते नीट सांगायला हवं, कारण या मेसेजमधला हा सल्ला नुसता चुकीचा नाही, धोकादायक आहे.

मेसेज म्हणतो, 'तापाचा थर्मामीटर एक दशांश अंश दाखवतो, त्याहून अचूक काय हवं?' दाखवतो, पण फक्त ३५ ते ४२ अंशांच्या दरम्यान. भरडलेलं माल्ट गरम पाण्यात मुरवतात, त्या मॅशचं तापमान ६२ ते ७० च्या आसपास असतं. पाऱ्याचा थर्मामीटर त्यात घातला की पारा प्रसरण पावत नळीच्या टोकापर्यंत जातो, पुढे जागाच नसते आणि काच फुटते. टोकाची काच मुळातच पातळ असते. मग पारा थेंबाथेंबाने तळाला जाऊन माल्टच्या चोथ्यात बसतो. तो गाळून निघत नाही. ज्याला काच फुटल्याचं कळलंच नाही, तो पुढे तोच रस तासभर उकळणार, म्हणजे पाऱ्याची वाफ स्वयंपाकघरात पसरणार. पाऱ्याची मोजमापाची साधनं बंद करत आणायला जगभरातल्या देशांनी मिनामाता करार केला, भारतानेही २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली, आणि आपण तीच नळी पिण्याच्या पदार्थात बुडवायला सांगतोय! असं कधी झालंच, तर ती अख्खी बॅच सोडून द्या. चव बघू नका, उकळू नका, मोरीत ओतू नका.

बॅटरीवरचा तापाचा थर्मामीटर फुटत नाही, एवढंच. मॅशमध्ये तो मोजमापाच्या पलीकडे जातो आणि आकडाच दाखवत नाही. वीस अंशांवर आंबणाऱ्या बीअरमध्येही तेच.

दुसरा मुद्दा भावनेला हात घालणारा आहे, म्हणून लोकांना पटतो: 'आपल्या आजोबांनी थर्मामीटरशिवाय फेणी काढली, मग बीअरला कशाला हवा?' भाटीवर बसणाऱ्या माणसाच्या अंदाजाबद्दल मला मनापासून आदर आहे. २००९ साली फेणीला मिळालेलं भौगोलिक मानांकन हा त्या कारागिरीचाच मान आहे. पण काजूच्या बोंडाच्या रसात साखर आधीपासून असते. रस काढला, ठेवला, की तो आंबायला लागतो. बार्लीत साखर नसते, पिष्ट असतं. त्या पिष्टाची साखर माल्टमधली एन्झाइम्स करतात आणि ती तापमानाला फार हळवी असतात. ६३-६४ अंशांवर मॅश केलं तर यीस्टला खाता येईल अशी साखर जास्त बनते, बीअर हलकी आणि कोरडी होते. ६९-७० वर केलं तर यीस्टला न पचणारा भाग जास्त उरतो, बीअर जड आणि गोडसर लागते. ऐंशीच्या वर गेलात तर एन्झाइम्स मरतात आणि काम थांबतं. फेणीच्या प्रक्रियेत ही पायरीच नाही. तिथला अनुभव इथे लावता येत नाही.

'घ्यायचाच तर दशांशानंतर दोन आकडे दाखवणारा घ्या, तो अचूकच' हेही खोटं. बारीक आकडा दाखवणं वेगळं आणि खरा आकडा दाखवणं वेगळं. यासाठी आंतरराष्ट्रीय मानकच बघा. प्लॅटिनमच्या तारेने तापमान मोजणाऱ्या सेन्सरसाठी आयईसी या आंतरराष्ट्रीय संस्थेचं ६०७५१ क्रमांकाचं मानक आहे. त्यानुसार 'ए' वर्गाच्या सेन्सरला ६६ अंशांवर साधारण ०.३ अंशाची चूक माफ आहे, 'बी' वर्गाला साधारण ०.६ ची. स्वस्त मल्टिमीटरसोबत जी 'के' प्रकारची तार मिळते, त्या थर्मोकपलला थर्मोकपलच्या मानकाच्या दुसऱ्या वर्गात अडीच अंशांपर्यंत सूट आहे. म्हणजे पडद्यावर ६६.०० दिसत असताना मॅश ६३.५ असेल किंवा ६८.५. वर सांगितलेल्या हलक्या आणि जड बीअरमधला फरक एवढाच तर आहे. म्हणून विकत घेताना दशांशाची घरं मोजू नका, 'अधिक-उणे किती' ते विचारा. दुकानदार ते सांगू शकत नसेल तर दुसरीकडे जा.

'उकळत्या पाण्यात १०० दाखवत नसेल तर फेकून द्या' यात अर्धं खरं आहे, ते मान्य करतो. पणजी-म्हापशाला, समुद्रसपाटीच्या जवळ, पाणी जवळपास १०० लाच उकळतं. पण घाट चढून बेळगावला गेलात तर साधारण साडेसत्त्याण्णवला, बंगळूरला सत्त्याण्णवच्या आसपास. तिथला कुणी हा मेसेज वाचून चांगला थर्मामीटर कचऱ्यात टाकेल. त्यापेक्षा बर्फाची चाचणी कुठेही सारखीच लागू पडते. बर्फ बारीक कुटून पेला गच्च भरायचा, फटी भरतील एवढंच पाणी घालायचं, ढवळायचं आणि प्रोब, म्हणजे थर्मामीटरची मोजणारी दांडी, मधोमध धरायचा, तळाला किंवा कडेला टेकू द्यायचा नाही. आकडा स्थिरावला की शून्य दिसलं पाहिजे. पाण्यावर बर्फाचे चार तुकडे तरंगत असतील तर ती चाचणी नव्हे, तळाचं पाणी तीन-चार अंशांवरही असू शकतं.

कोविडच्या काळातली कपाळावर धरायची गन तर काढूच नका, ती तापापुरतीच आहे. कारखान्यातली इन्फ्रारेड गनही फक्त पृष्ठभाग वाचते. वाफेतून आणि चकचकीत स्टीलच्या भांड्यावर ती हमखास चुकते.

शेवटचा दावा: 'गोव्यात बारा महिने हवा सारखीच, मग आंबवताना मोजायचं काय?' सारखी असली तरी गरम आहे. एल प्रकारच्या बीअरच्या बहुतेक यीस्टला १८ ते २२ अंश लागतात. आंबताना बीअर स्वतःही तापते, खोलीपेक्षा काही अंश वर जाते. क्वाइक नावाचं नॉर्वेचं यीस्ट पस्तिशीतही चांगलं काम करतं हे खरं, पण मेसेजमध्ये त्याचं नावही नाही. बाकीच्यांनी सेन्सर भांड्याच्या बाहेरून, रसाच्या पातळीखाली चिकटवावा आणि त्यावर जाड कापड किंवा फोम बांधावा, नाहीतर तो बीअरचं नाही, खोलीचं तापमान सांगत राहील.