मढ्याच्या टाळूवरचं लोणी कोण खातंय?

28 ऑक्टोबर 2025 ला मेलिसा चक्रीवादळ जमैकावर धडकलं आणि आठवडाभरात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो जुना फॉरवर्ड पुन्हा फिरू लागला. 2017 मध्ये इर्मा आणि मारियानंतरही तो आला होता. मजकूर तोच, फक्त वादळाचं नाव नवं. सारांश असा: कॅरिबियन उद्ध्वस्त झालंय. अशा वेळी तिथे क्रूझने जाणं म्हणजे मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं. तुम्ही तिथल्या लोकांच्या तोंडचा घास काढून घेता, पैसा सगळा जहाज कंपनीला जातो, बघायलाही काही उरलेलं नाही. तिकीट रद्द करा आणि ते पैसे दान करा.

लिहिणाऱ्याच्या हेतूवर मला शंका नाही. माहितीवर आहे.

‘कॅरिबियन उद्ध्वस्त झालंय’ हे वाक्य म्हणजे श्रीवर्धनला निसर्ग वादळ आलं म्हणून नागपूरचं तिकीट रद्द करण्यासारखं आहे. 2017 मध्ये इर्माने सेंट मार्टिनची छपरं उडवली, तेव्हा तिथून सुमारे 900 किलोमीटरवरच्या कुरासावमध्ये व्यवहार सुरळीत चालू होते. बार्बुडातले सगळे रहिवासी ज्या अँटिग्वा बेटावर हलवले, ते सख्खं शेजारी असूनही फारसं दुखावलं नव्हतं. एकाच बेटावरही सगळीकडे सारखी गत नसते. मेलिसाने जमैकाच्या नैर्ऋत्येचं ब्लॅक रिव्हर गाव पार मोडून टाकलं, तर सरळ रेषेत साधारण 90 किलोमीटरवरचं ओचो रिओस हे क्रूझचं बंदर त्या मानाने बचावलं. तेव्हा आधी बंदराचं नाव विचारावं.

तोंडचा घास काढून घेण्याचा मुद्दा हॉटेलात उतरणाऱ्यांना काही अंशी लागू पडतो. क्रूझच्या प्रवाशाला मात्र कसा लागू पडणार? जहाज समुद्राचं पाणी गोडं करून वापरतं. वीज स्वतःची. भाजीपाल्यापासून अंड्यांपर्यंत सामान बहुतेकदा मायामी, फोर्ट लॉडरडेल अशा अमेरिकेतल्या बंदरांत भरलेलं असतं. प्रवासी सकाळी उतरतात आणि संध्याकाळी झोपायला परत बोटीवर. वीज नसलेल्या बेटाला यापेक्षा कमी भार टाकणारा पाहुणा मिळणं कठीण. मारियानंतर तर रॉयल कॅरिबियनने एक नियोजित सफर रद्द करून ‘ॲडव्हेंचर ऑफ द सीज’ हे जहाज मदतीला पाठवलं. प्वेर्तो रिकोचं सान हुआन शहर आणि सेंट थॉमस, सेंट क्रॉय ही बेटं इथून तीन हजारांहून जास्त माणसं त्याने बाहेर काढली.

पहिल्या काही आठवड्यांत जाऊ नये, हे मलाही मान्य आहे. पण तेव्हा तुम्हाला सहसा कोणी नेतही नाही. बंदराचा धक्का तपासायचा असतो, वाहून गेलेले बॉय, म्हणजे जहाजांना वाट दाखवणारे तरंगते खुणेचे पिंप, पुन्हा बसवायचे असतात, बुडालेलं काही वाटेत नाही ना हे बघायचं असतं. तोवर जहाजं दुसरीकडे वळवली जातात.

पैशाचा मुद्दा सगळ्यात खरा आहे आणि म्हणूनच सगळ्यात फसवा. जहाजावरच सहल बुक केली की कंपनी आपला वाटा काढते, हे खरं. धक्क्याला लागून असलेली चकचकीत दुकानं बरेचदा बाहेरच्या साखळ्यांची असतात, हेही खरं. पण त्यावर उपाय बोटीतून न उतरणं हा नाही, चार पावलं पुढे जाणं हा आहे. आम्ही 2018 च्या फेब्रुवारीत सेंट थॉमसला उतरलो. तिथल्या शार्लट अमाली या बंदराच्या गावात डोंगरउतारावर निम्म्या घरांवर निळी ताडपत्री होती. लांबून वाटलं, कोकणात पावसाळ्याची तयारी चाललीय. धक्क्याबाहेर सफारी टॅक्सी रांगेत उभ्या होत्या. सफारी म्हणजे ट्रकच्या पाठीवर बाकं टाकलेली उघडी गाडी, भाडं माणशी. बाकं भरल्याशिवाय चालक निघत नव्हता. मागे उभ्या असलेल्या गाड्यांची रांग बघितल्यावर एका बोटीची किंमत काय असते ते कळलं. वादळं जोरात असतात ऑगस्ट ते ऑक्टोबर, आणि कमाईचा हंगाम सुरू होतो नोव्हेंबरात. म्हणजे हातातोंडाशी आलेला घास जातो तो वादळाने, आणि उरलेला आपण रद्द केलेल्या तिकिटांनी.

जमैकात अधिकृत टॅक्सीची नंबरप्लेट लाल असते, ती बघून बसावं. जेवण बोटीवर फुकट आहे म्हणून उपाशीपोटी परत पळू नये. आणि मोडक्या घरासमोर सेल्फी काढणाऱ्यांना फॉरवर्डमधल्या सगळ्या शिव्या लागू, त्यात मी एकही कमी करणार नाही.

‘बघायला काही उरलं नाही’ यावर फार लिहीत नाही. डॉमिनिकाचं मारियाने केलेलं नुकसान त्या देशाच्या वर्षाच्या उत्पन्नाच्या 226 टक्के होतं, डोंगरांवरच्या झाडांना पान राहिलं नव्हतं. ते रान पुन्हा हिरवं झालं. जुलै 2023 मध्ये आपल्या यशस्वी जयस्वालने पदार्पणात 171 काढल्या त्या याच देशात, रोझोच्या विंडसर पार्कवर. क्रूझच्या धक्क्यापासून मैदान चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

राहिलं दान. जरूर करा, पण रोख आणि तिथे काम करणाऱ्या संस्थेला. मारियानंतर सान हुआनच्या बंदरात हजारो कंटेनर अडकून पडले होते, कारण ते न्यायला ट्रक, चालक आणि डिझेल नव्हतं. पुढच्या वर्षी दान आलेल्या अन्नाचे सडलेले कंटेनर सापडले, त्याची बातमी झाली.

आणि ‘तिकीट रद्द करून ते पैसे’ म्हणजे कुठले पैसे? बंदर बदललं तर परतावा द्यायला आपण बांधील नाही, असं बहुतेक क्रूझ कंपन्यांच्या करारात लिहिलेलं असतं. सफर जवळ आल्यावर तुम्ही स्वतः रद्द केलीत तर बरीचशी रक्कम, अगदी शेवटच्या दिवसांत सगळीच, कंपनी ठेवून घेते. म्हणजे फॉरवर्ड ऐकलात तर पैसा जहाज कंपनीकडेच राहतो, आणि सफारीच्या बाकावरची तुमची जागा तेवढी रिकामी जाते.