कर्ण नडला

गेल्या रविवारी माझा चोर पकडला गेला. वीस पैलूंच्या फाशावर १८ पडलेले, समोर एकच पहारेकरी आणि तोही पेंगलेला, तरीही पकडला गेला. आज गुरुवार आहे. अजून जेवताना मध्येच आठवतं आणि घास तसाच हातात राहतो.

खेळाचं नाव डन्जन्स अँड ड्रॅगन्स. १९७४ साली अमेरिकेत निघाला. प्रत्येकानं एक सोंग घ्यायचं, एकानं गोष्ट पुढे न्यायची (तो डन्जन मास्टर, म्हणजे ‘डीएम’), आणि जमतं की फसतं ते फाशानं ठरवायचं. सांगलीकरानं यात नवल वाटून घेऊ नये. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी मराठी नाटक याच गावात उभं केलं. त्या नाटकांतले राक्षस ‘अलल्डुर्र’ करत नाचायचे, आम्ही पाचजण विश्रामबागेतल्या एका माडीवर बनियनवर बसून तेच करतो. माझं सोंग चोराचं, त्याला इंग्रजीत ‘रोग’ म्हणतात. पहिल्यांदा घरी सांगितलं, “आई, मी रोग आहे,” तेव्हा ती म्हणाली, “ते मला माहीत आहे, खेळतोस काय ते सांग.”

तर प्रसंग असा. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर चौकोन आखलेले, एक चौकोन म्हणजे ५ फूट. पहारेकरी म्हणजे कॅरमची काळी सोंगटी, मी चिंचोका, आणि ड्रॅगन म्हणजे बेंदराचा एक शिंग तुटलेला मातीचा बैल. मी पोत्यांच्या आड लपलेलो. फाशाचे १८ अधिक माझ्या लपण्याच्या कसबाचे ७, म्हणजे २५. पहारेकऱ्याची न बघता बघण्याची ताकद १२. २०२४च्या नव्या आवृत्तीत लपायला आधी १५ गाठावे लागतात, तेही झालेले. डीएम म्हणाला, “पेंगलाय तो. तुझी पाळी संपताना खांबाआड असलास तर सुटलास.” माझी चाल ३० फूट. खांब तिरका, बरोबर ६ घरांवर. सहा पंचे तीस. मी चिंचोका उचलला.

आणि भडंगाचं ताट घेऊन अप्पा वर आले.

अप्पा म्हणजे डीएमचे वडील. उभं आयुष्य मोजणी खात्यात गेलं. मुलाला सगळे ‘डीएम’ म्हणतात हे त्यांनी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा दोन मिनिटं त्याच्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, “कलेक्टर व्हायचं असंच राहिलं होतं याचं.” त्यांनी ताट ठेवलं, वाकले, आणि माझ्या चिंचोक्याच्या वाटेवरून बोट फिरवलं.

“हे घर किती फुटाचं?”

“पाच, अप्पा.”

“उभं का आडवं?”

“उभं, आडवं, तिरकं. सगळं पाचच.”

कपाळावरचा चष्मा खाली आला.

“तिरकं पाच कसं?”

“पुस्तकात तसं आहे.”

“कुणी लिहिलंय? त्याला माझ्याकडं पाठव.”

ते खाली गेले. मला वाटलं संपलं. संपलं नव्हतं. लाकडी फूटपट्टी, गुण्या आणि कानावर पेन्सिल अशा अवतारात परत आले आणि नकाशाशेजारी मांडी घालून बसले. ज्या गुडघ्यामुळे गेल्या गणेश चतुर्थीला आरतीला खुर्ची लागली होती, तोच गुडघा.

“पाचाचा वर्ग पंचवीस. दोनदा धर, पन्नास. पन्नासाचं मूळ सात आणि वर थोडं. सात फूट आणि एक इंचाला जरा कमी. अशी सहा घरं म्हणजे बेचाळीस फूट पाच इंच. चोराला चाल किती?”

“तीस.”

“म्हणजे बारा फूट पाच इंच अतिक्रमण.”

मी हसलो. हसायला नको होतं. अप्पांनी पेन्सिलीनं माझ्या वाटेवर कर्ण आखला, दोन्ही टोकांना बारीक गोल काढले आणि बाजूला आकडा लिहिला. आता तो नकाशा राहिला नव्हता, पंचनामा झाला होता.

“आणि तीस फूट किती वेळात?”

“सहा सेकंदांत.”

“एक साखळीसुद्धा नाही रे! साखळी तेहेतीस फुटांची. तासाला साडेपाच किलोमीटर. एवढा तर मी गुडघा धरून चालतोय.”

“मग वेग वाढवा की थोडा!”

“वेग तुमच्या खात्याचा. माप माझ्या खात्याचं.”

इथे मी घोडचूक केली. पुस्तकं मी वाचलेली आहेत हे दाखवायची मला फार हौस. म्हणालो, “अप्पा, २००३च्या आवृत्तीत तुमच्यासारखंच होतं. पहिलं तिरकं घर पाच फूट, पुढचं दहा, परत पाच, परत दहा. पण आता मुख्य नियमात ते नाही.” डीएमचे डोळे चमकले. वडिलांशी भांडण टळेल असा नियम, आणि तोही छापील. “मग आपण तोच धरू,” तो म्हणाला. पाच, पंधरा, वीस, तीस. चार घरं. चिंचोका खांबापासून दोन घरं अलीकडे, दालनाच्या मधोमध, टांगत्या दिव्याच्या बरोब्बर खाली. महाभारतात कर्णाचं चाक रुतलं, इथे चोरच कर्णावर रुतला. सोंगटीनं मान वर केली.

बाकीचे तिघे? भडंग खात होते. एकाच्या हातून शेंगदाणा नकाशावर पडला. अप्पा म्हणाले, “हा दगड धरायचा.” धरला. खडबडीत जमिनीवर दुप्पट चाल लागते, हा नियम मात्र त्यांनी ऐकताक्षणी मान्य केला.

मला राग याचा नाही की हरलो. तो मातीचा बैल दर रविवारी उडतो. एवढं धूड एवढ्याशा पंखांवर कसं उडतं हे कुणी विचारत नाही, त्याच्या तोंडच्या जाळाला कुणी फूटपट्टी लावत नाही. खरं-खोटं काढायचं असलं की ते चोराच्या पावलातच काढायचं. अंगावर लोखंडी चिलखत नाही, मंत्र येत नाही, बिचाऱ्याकडे काय ते चार पावलं आणि अंधार.

आणि मोजणीचं म्हणाल तर आमच्या बांधाच्या वेळी कुठे होता हा काटेकोरपणा? वडिलांनी तातडीची फी भरून अर्ज केला होता. तारीख आली, तर माणूस आला नाही. माणूस आला, तर शेजारी आला नाही. शेवटी मोजलं तेव्हा आमची सव्वा गुंठा जमीन शेजाऱ्याच्या उसात निघाली आणि ती आजही तिथेच आहे. ऊसही. ते अप्पा नव्हते, दुसरंच कुणीतरी होतं, मान्य. पण त्या दिवशी कर्णाला इंचभर धरणारं कुणी भेटलं असतं तर वडील इतकी वर्षं त्या बांधावरून मान खाली घालून गेले नसते.

असो. हे बोलायचं नव्हतं.

खेळ संपल्यावर मी कुणाशी न बोलता निघालो. चपला हातात घेतल्या, जिन्याची तिसरी पायरी वाजते ती टाळली, दिवाही लावला नाही. अंगणात अप्पा माझ्याकडे पाठ करून तुळशीला पाणी घालत होते. त्यांची ती न बघता बघण्याची ताकद किती आहे कुणास ठाऊक, पण १२ नक्कीच नाही. मी श्वास धरून फाटकाकडे वळलो.

“तिरका जाऊ नकोस,” अप्पा मागे न बघता म्हणाले, “कुंड्या आहेत.”