पाणंदीत घालून दाखवा, मग बीएचपी सांगा

कोल्हापुरात एसयूव्ही बघायला गेलं की पहिलं वाक्य ठरलेलं, "सर, सनरूफ बघा." अरे, मी सनरूफ विचारलंय का? मी विचारलंय लो रेंज, म्हणजे चिखला-चढासाठीचा जादा जोराचा गिअर, आहे का; मागच्या डिफरन्शियलला, म्हणजे दोन चाकांत जोर वाटणाऱ्या गिअरला, लॉक आहे का. आणि समोरचा पोरगा टॅबवर रंग दाखवतोय. टाळकंच फिरतंय राव.

आमचं रान गगनबावडा तालुक्यात. तिकडचा पाऊस कोल्हापूरकराला वेगळा सांगायला नको. डांबरी सोडून पाणंदीत शिरलं की तांबडा चिखल, ट्रॅक्टरनं पाडलेल्या खोल चाकोऱ्या आणि मध्येच वर आलेला जांभा. अशा ठिकाणी पुढचं डावं चाक खड्ड्यात लोंबकळतं आणि मागचं उजवं हवेत जातं. साधं ओपन डिफरन्शियल असलं की सगळा जोर त्या हवेतल्याच चाकाला, ते गरागरा फिरतंय आणि गाडी जागची हलत नाही. तिथं तुमच्या इंजिनाची दीडशे बीएचपी ताकद काय चाटायचीय? तिथं पाहिजे दोन्ही चाकं एकत्र फिरवणारं लॉक. नाहीतर निदान फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून जोर दुसऱ्या चाकाला देणारी यंत्रणा तरी.

हे विचारलं की उत्तर काय? "सर, टॉर्क सेम आहे, फोर बाय फोर कशाला लागतंय आपल्या इथं?" कागदावर टॉर्क, म्हणजे चाक फिरवायचा जोर, सेम आहेच की! महिंद्राच्या तीन दारांच्या थारचं 1.5 लिटर डिझेल 300 न्यूटन मीटर देतं आणि 2.2 लिटर डिझेलही 300 च देतं. पण 1.5 येते फक्त मागच्या चाकांवर. चारही चाकांवर चालणाऱ्या 2.2 फोर बाय फोरला पुढच्या-मागच्या चाकांत जोर वाटणारी ट्रान्सफर केस आहे, लो रेंज आहे. लो रेंजमध्ये तोच टॉर्क चाकापर्यंत दुपटीहून जास्त होऊन पोचतो, गाडी मुंगीच्या चालीनं चढते, क्लच जळत नाही. उतारावर ब्रेकला पाय न लावता इंजिनच गाडी धरून ठेवतं. हा फरक गिऱ्हाइकाला सांगायचा नाही आणि "सेम आहे" म्हणून गाडी गळ्यात मारायची, ही शुद्ध फसवणूक आहे.

मारुतीची जिम्नी बघा. 134 न्यूटन मीटर ऐकून कट्ट्यावरचे सगळे नाक मुरडतात. पण गाडी जेमतेम बाराशे किलोची, खाली शिडीसारखी मजबूत लॅडर फ्रेम आणि हाताशी लो रेंजचा लिव्हर. चिखलात ती भल्याभल्यांच्या पुढं जाते. हां, चार माणसं आणि सामान भरून करूळ घाट चढायचा म्हटला की धाप लागते, कारण पूर्ण टॉर्क वर 4000 आरपीएमला येतो. हे दोन्ही खरं आहे. मग दोन्ही सांगा ना! फोर्सच्या गुरख्याचं तसंच. पुढं-मागं दोन्ही डिफरन्शियलला लॉक, कंपनीतूनच स्नॉर्कल, म्हणजे इंजिनाला वरनं हवा देणारी नळी. पण ऑटोमॅटिक नाही, त्यामुळं आमच्या घरातलं निम्मं मत तिथंच गेलं.

ते टेरेन मोडचं बटण तर माझ्या डोक्यातच जातं. गाडी पुढच्या दोन चाकांवर चालणारी, आणि बटण फिरवलं की स्क्रीनवर चिखलाचं चित्र. ते बटण थ्रॉटल आणि ट्रॅक्शन कंट्रोल थोडं बदलतं, मागच्या चाकाला जोर कुठनं आणणार?

आणि "डोळे झाकून डिझेल घे भावा" म्हणणाऱ्यांनो, जरा ऐका. माझं आठवडाभराचं चालवणं शाहूपुरी ते उद्यमनगर, गावातल्या गावात. एवढ्याशा फेऱ्यांत बीएस-6 डिझेलचा डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी धरणारा फिल्टर, नीट तापत नाही, काजळी साठत राहते, मग वॉर्निंग लाइट. शिवाय पेट्रोलला कमी आरपीएमला जोर नसतो ही टर्बोच्या आधीची गोष्ट झाली. थारचं 2 लिटर टर्बो पेट्रोल 1250 आरपीएमपासूनच 300 न्यूटन मीटर देतं. म्हणून मला पेट्रोल फोर बाय फोर पाहिजे, आणि घरच्यांसाठी पाच दारांची. तर 2024 च्या ऑगस्टमध्ये पाच दारांची थार रॉक्स आली ती फोर बाय फोर फक्त डिझेलमध्ये! फॉर्च्युनरचं पेट्रोलही टू-व्हील ड्राइव्हच. पैसे मी मोजणार आणि कुठल्या इंजिनाला कुठली चाकं हे दुसराच ठरवणार?

टेस्ट ड्राइव्हचं तर बोलूच नका. एका शोरूममध्ये फोर बाय फोरची डेमो गाडीच नाही, "पुण्यावरनं मागवावी लागंल." दुसरीकडं होती, तर हायवेच्या गुळगुळीत डांबरावर नेली आणि तो पोरगा चालत्या गाडीत लिव्हर 'फोर लो'ला, म्हणजे लो रेंजला, ओढायला लागला. खालनं असा करकर आवाज आला की माझेच दात शिवशिवले. गाडी थांबव, न्यूट्रल कर, मग ओढ, हे मी त्याला सांगायचं? आणि कोरड्या डांबरावर पार्ट-टाइम फोर व्हील लावून वळायचं नसतं, मध्ये डिफरन्शियल नसल्यानं सगळं आतल्या आत पिळतं, हेही मीच सांगायचं? पोराची चूक नाही. त्याला शिकवलंच नाही कुणी, नुसतं टार्गेट दिलंय.

वीस लाखाच्या घरातली गाडी विकताय. भर पावसात डेमो गाडी घेऊन या गगनबावड्याला, पाणंद मी दाखवतो. तोवर "सर, बुकिंग कधी करताय" म्हणून फोन करायचा नाही.